कुंकू लागलेली मतं

आक्का,

तुला जाऊन बारा दिवस झाले. काल शोभानं, तुझ्या सुनेनं, गिरणी पुन्हा चालू केली आणि पहिल्याच बाईला परत पाठवलं. गव्हात सोंडे होते. "चाळून आणा, उन्हात घाला, मग या," म्हणाली. अगदी तुझ्याच तोऱ्यात म्हणाली. ती बाई पाटी डोक्यावर घेऊन पुटपुटत निघाली, "सासू गेली, पर सून तयार करून गेली." मी समोरच्या कट्ट्यावर बसून ऐकत होतो. मला हसू आलं, आणि मग बराच वेळ मान वर करवली नाही.

आपल्या दोन घरांत एकच भिंत. तुझ्या बाजूला दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, माझ्या बाजूला रविवारी मटणाचा वास सुटायचा. तुझ्या घरात निम्मं बोलणं कानडीत, माझ्या घरात मराठीत. चाळीस वर्षांत या भिंतीवरून किती वाट्या इकडून तिकडं गेल्या, पण माझ्या ताटाबद्दल तू एक शब्द काढला नाहीस. मी निपाणीच्या हायस्कुलात मास्तर झालो तेव्हापासून तू मला नावानं हाक मारणं सोडलंस. "मास्तर" म्हणायचीस, आणि त्यात मान कमी आणि चेष्टा जास्त असायची.

शोकसभेत लोक बोलले. माहेर कुठलं, गिरणी कधी घातली, नातवंडं किती, सगळं सांगून झालं. ते मी पुन्हा सांगत नाही. मला त्या मतांच्या मोजणीबद्दल बोलायचं आहे. आपलं ते भांडण अर्धवट राहिलं, आणि राहिलं ते माझ्यामुळं.

सुरुवात माझ्याच गोठ्यात झाली. बेंदराचा, बैल पुजायचा दिवस होता. तुझ्या घरी बैल नव्हते, म्हणून दरवर्षी तू पुरणपोळीचा निवद घेऊन माझ्याकडं यायचीस. माझ्या हरण्या बैलाची शिंगं रंगवून झाली होती, अंगावर गेरूचे ठसे उठवले होते. तू त्याच्या पाठीवरून हात फिरवलास आणि हात मागच्या पुठ्ठ्यावर थांबला. गेरूच्या खाली बारीक बारीक गाठी होत्या. ओळीनं.

"मास्तर, हे काय रं?"

"शर्यतीतलं हाय आक्का. जत्रंत पळवतो न्हवं. पराणीची आर लागती."

पराणी म्हणजे बैल हाकायची काठी, आणि आर म्हणजे तिच्या टोकाला ठोकलेला खिळा. आपल्याकडं बैलगाडीवाल्याच्या हातात ती असायचीच. संकेश्वरच्या कारखान्याला ऊस घेऊन जाणाऱ्या गाड्यांवरही असायची. मला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. तू मात्र पोळी त्याच्या तोंडाशी धरलीस आणि म्हणालीस, "आज पाया पडायचं आणि उद्या खिळा टोचायचा. लई शाणी माणसं तुमी."

मी चिडलो. सणाच्या दिवशी दारात येऊन मला शाणपणा शिकवतेस म्हणून मनातल्या मनात चरफडलो. वर तुला सांगितलं की हे कायद्यात आधीच बंद आहे, तुला एवढं वाटत असेल तर तक्रार कर जा.

"कायदा बेळगावात हाय," तू म्हणालीस. "बैल हितं हाय."

पुढचे दोन-तीन महिने तू काही बोलली नाहीस आणि मला वाटलं, विसरलीस. मग एके दिवशी माहेराहून आलीस ती डोक्यात मतदान घेऊनच. तुझं माहेर हद्दीपलीकडं, महाराष्ट्रात. तिथं बायकांनी गावात दारूच्या दुकानासाठी मतदान मागून घेतलं होतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीला जास्त मतं पडली आणि दुकानाला कुलूप लागलं. तू मला भिंतीवरून हाक मारून ते सांगितलंस आणि विचारलंस, "बाटली आडवी करता येती, मग पराणी का न्हाय?"

मी म्हणालो, तिकडचा कायदा वेगळा, इकडचा वेगळा. तू ऐकणार होतीस थोडीच. पंचायतीत जाऊन पीडीओसाहेबांपुढं, पंचायतीच्या अधिकाऱ्यापुढं, बसलीस. तो बिचारा धारवाडकडचा तरुण पोरगा. "अक्कार," तो हात जोडून म्हणाला, "असं मतदान कायद्यात न्हाय. ग्रामसभेत हात वर करा, मी ठराव लिहितो."

"हात वर करायचं म्हटलं की बायका आधी नवऱ्याकडं बघत्यात," तू म्हणालीस.

शेवटी गावानं आपसात ठरवलं. आधी डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, आणि डब्यातून जे निघेल त्याप्रमाणे ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर करायचे. जत्रा कमिटीवाले कबूल झाले, कारण आपण जिंकणार याची त्यांना खात्री होती. खोटं कशाला बोलू, मलाही होती. मीही शर्यतवालाच.

तुझा प्रचार म्हणजे गिरणी. गावातल्या प्रत्येक घरातली बाई आठवड्यातून एकदा तुझ्यापुढं पाटी घेऊन उभी राहणार, आणि दळण होईस्तोवर तिला कुठं जाता येणार नाही. पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढून तू बोलायचीस. पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या. आमच्यातल्या कुणीतरी उठवून दिलं की आज आर बंद, उद्या ही बाई जत्रेतलं मटण बंद करणार. ते तुझ्या कानावर गेलं तेव्हा तू गिरणी बंद करून रस्त्यावर आलीस आणि चावडीपुढं उभी राहून सांगितलंस, "ताटावर मत न्हाय. आरंवर मत हाय. माझ्या शेजारच्या मास्तरला इचारा, मी त्याच्या हाडकाला कधी नाव ठेवलंय का!" सगळी चावडी माझ्याकडं बघून हसली.

शर्यतवाल्यांनी मग तुझ्याकडचं दळण बंद केलं. पोती बोरगावच्या बाजूच्या गिरणीत नेली. आठ दिवसांत बायकांनी परत आणली, त्या पिठाची भाकरी थापताना चिरते म्हणून. खरंच चिरत होती की काय, देव जाणे.

मी तुला एकदा विचारलं होतं, "आक्का, बैल मत देत न्हाईत. त्यांच्यासाठी मतदान कसलं?"

"लहान पोरंबी मत देत न्हाईत," तू म्हणालीस. "मग त्यांची शाळा कुणी बांधली? त्यात तुला नोकरी कशी लागली?"

असं तू बोललीस की मला चार दिवसांनी उत्तर सुचायचं, आणि तोवर तू दुसऱ्याच विषयावर गेलेली असायचीस.

मतदान तू पुढच्या बेंदराच्या दिवशीच ठेवलंस. सगळे गावात असतात म्हणून. मंदिराच्या मंडपात साडीचा आडोसा केला. डबा तुझा, पिठाचा, पत्र्याचा, झाकणाला खाच पाडलेला. शिक्का माझा, वह्या तपासायचा, 'तपासले' असं लिहिलेला. चिठ्ठ्या निपाणीत झेरॉक्स करून आणल्या. त्यावर दोन बैल होते. डावीकडचा पराणी टोचलेला, उजवीकडचा मोकळा. चित्रकलेच्या मास्तरांनी इतके देखणे बैल काढले होते की बघत राहावं. आणि तिथंच घोटाळा झाला.

बायका आल्या त्या बैल पुजून, हातात आरतीचं ताट घेऊन. आडोशाआड गेल्या, शिक्का मारला, आणि कागदावर बैल दिसतोय म्हटल्यावर त्यांना राहवेना. सणाच्या दिवशी बैल समोर आहे आणि कपाळ मोकळं! त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं. आणि एकाला लावायचं, दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, हे कसं चालेल? दोघांनाही लावलं. एकीनं तर चिठ्ठीला अक्षता चिकटवल्या होत्या.

मोजायला मी. इतक्या निवडणुकांची ड्युटी केलेला माणूस गावात दुसरा कोण होता? डबा उपडा केला तर निम्म्या चिठ्ठ्या लालपिवळ्या. माणसं हसून लोटपोट झाली. तूही पदर तोंडाला लावून हसत होतीस. मी हसलो नाही. मी त्या चिठ्ठ्या एका बाजूला काढायला लागलो.

"हे काय करतोस रं?"

"बाद हाईत आक्का. शिक्क्याशिवाय दुसरी खूण असली की मत बाद. इलेक्शनचा नियम हाय."

"अरं शिक्का बघ की! कुंकू कशाला बघतोस?"

"नियम म्हंजे नियम."

तू वाद घातलास. चांगला घातलास. पण पुरुषमंडळी म्हणाली, मास्तर म्हणतात म्हणजे तसंच असणार. बाकीच्या चिठ्ठ्या मोजल्या, आणि एका बाकावर मावतील इतक्या माणसांच्या फरकानं तू हरलीस. बायका खवळल्या. तू सगळ्यांकडं एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "होगली बिडु." जाऊ दे. रागावलीस की मराठीत बोलायचीस, दुखावलीस की कानडीत. त्या दिवशी तू घरी जाईपर्यंत कानडीतच बोलत होतीस.

माझ्याच घरात माझ्या बायकोनं, मालननं, माझ्याशी तीन दिवस बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी ताट आदळत म्हणाली, "माझीबी चिठ्ठी तुमी बाद केलासा. शिक्का कुठं हुता ते तरी बघितलासा का?" मी भात कालवत राहिलो.

पुढच्या जत्रेत हरण्याला मी जोरात पळवलं. आता गावानं मत दिलं होतं, मग भीती कसली? आमची जोडी पहिली आली. गुलाल, हलगी, फोटो, सगळं झालं. आठव्या दिवशी हरण्याच्या पुठ्ठ्यावरची जखम सुजली, आणि चार दिवसांत तिच्यात किडे पडले. तो वैरणीला तोंड लावेना. रात्रंदिवस एकाच जागी पाय बदलत उभा. मी हात उचलला की थरथरायचा. पाणी पाजायला उचलला तरी.

तू आलीस. मी बोलावलं नव्हतं. भिंतीवरून त्याचं हंबरणं ऐकून आलीस. डॉक्टर जखम साफ करत होते तेव्हा त्याची वेसण तू धरलीस आणि डोळे मिटून घेतलेस. त्या किड्यांचंही तुला वाईट वाटत होतं, हे मला कळत होतं. गव्हातला सोंडा वाचवणारी बाई तू. तुझे ओठ हलत होते, क्षमा मागत होतीस. मग महिनाभर रोज गिरणी उघडायच्या आधी तू यायचीस, कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुवायचीस, मलम लावायचीस. मला एका शब्दानं बोलली नाहीस. मी वाट बघत होतो की आता बोलेल, मग बोलेल. बोलली असतीस तर मी भांडलो तरी असतो.

आणि मीच मूर्खासारखा एकदा थट्टा केली. "आक्का, जखमेतल्या किड्यांचं मतदान कधी घ्यायचं?" तू दोन दिवस आली नाहीस. तिसऱ्या दिवशी आलीस आणि जखम धुता धुता म्हणालीस, "मला सगळ्यांचं जमत न्हाय मास्तर. जेवढ्यांचं जमतंय तेवढ्यांचं करती. हसू नगंस." आज वर्गात एखादं पोरगं म्हणालं की एकट्यानं करून काय होणार, तर मी त्याला हेच सांगतो, आणि माझंच असल्यासारखं सांगतो.

हरण्या बरा झाला. पराणीचा खिळा मी पकडीनं उपटून काढला, आणि तू म्हणालीस, "आता परत डबा मांडूया. मोजायला तूच."

मी पकड खाली ठेवली. "मी? दुसरं कुणी न्हाय गावात?"

"तुला नियम म्हाईत हाईत न्हवं," तू म्हणालीस. हसत म्हणालीस. ते हसणं कसलं होतं, याचा मी अजून विचार करतो.

दुसऱ्या वर्षीही बेंदूरच. दिवस बदलूया म्हटलं तर तू म्हणालीस, "बायकांनी सण सोडून यायचं आणि पुरुषांनी सण करून, असं कशाला?" बैल मात्र चिठ्ठीवरून काढलेस. नुसत्या दोन पराण्या, एक उभी, एक आडवी. पराणीला कोण कुंकू लावणार? एकाही चिठ्ठीला हळदीचं बोट लागलं नाही. आडवी पराणी इतकी भरभरून निघाली की मोजायची गरज नव्हती. ग्रामसभेत हात वर झाले, पीडीओसाहेबांनी ठराव कानडीत लिहिला, आणि तू तो मला मराठीत मोठ्यानं वाचायला लावलास. आर लावलेली पराणी गावच्या हद्दीत चालणार नाही. शर्यतीला नाही, उसाच्या गाडीलाही नाही.

आक्का, तू मला काय काय दिलंस ते सांगायला घेतलं तर हा कागद पुरणार नाही. एकच सांगतो. ठरावानंतर वर्षभरानं मी हरण्याच्या डोळ्यावरची माशी उडवायला हात उचलला आणि बैल थरथरला नाही. मान तशीच माझ्या खांद्यावर टेकवून उभा राहिला. माझ्या आज्यापासून आमच्या घरात बैल आहेत, पण आमच्या हाताला न भिणारा बैल मी पहिल्यांदा बघितला. तो हात तू बदललास. लगेच तुला हाक मारून सांगावं असं वाटलं होतं. नाही सांगितलं. तू म्हणाली असतीस, "मग? त्याला काय कळत न्हाय काय?"

दवाखान्यात शेवटचा भेटायला आलो तेव्हा तू मला जवळ बसवलंस. धाप लागत होती तरी विचारलंस, "काय बोलायचं हाय काय रं?" मी म्हणालो, न्हाय, सहज आलतो. तू मान हलवलीस, आणि मालननं दिलेल्या डब्यात काय आहे ते विचारलंस. मी बेळगावपर्यंत दोन तास बसमध्ये बसून वाक्यं जुळवली होती. ती सगळी घेऊन परत आलो.

परवा मंदिरात बैठक आहे. कमिटीतली पोरं म्हणतात, बाहेरगावच्या गाड्या आपल्या जत्रेला येईनात, आर परत चालू करा, पुन्हा मतदान घ्या. घेऊ दे. मतदानाला तू कधी नाही म्हणाली नसतीस. मोजायला त्यांनी मलाच सांगितलं. "मास्तरांवर सगळ्यांचा इश्वास हाय," म्हणाले. मी सांगितलं, मी मोजणार नाही. शोभा मोजेल, मालन मोजेल. मी का मोजणार नाही, ते परवा सगळ्यांपुढं उभा राहून सांगणार आहे. मालनला आज सकाळी सांगितलं. ती चहाचा कप माझ्या हातात देऊन तिथंच बसून राहिली. पण गावाला सांगायच्या आधी तुला सांगायला हवं.

नियम मला माहीत होता. ट्रेनिंगला दरवेळी सांगायचे, शिक्का स्पष्ट असेल तर मत बाद करायची घाई करू नका, फक्त मत कुणी दिलं ते ओळखू येणारी खूण नको. कुंकवावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. तू भांडत होतीस ते बरोबर होतं, आणि तू भांडत असतानाच ते मला कळत होतं. चिठ्ठ्या वेगळ्या काढताना शिक्के मला दिसत होते. ते कुठल्या बैलावर आहेत, हेही दिसत होतं. म्हणून तर मी हसलो नाही. बाद चिठ्ठ्या फेकून देतो म्हणून मी घरी नेल्या आणि दुपारी माळ्यावर बसून एकटाच मोजल्या. दोनदा मोजल्या. हरण्याला ती जखम त्यानंतर झाली.

आक्का, पहिल्याच वर्षी तू जिंकली होतीस.